सव्हाना शहरातली भुतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही अटलांटात राहतो. भारतातून पाहुणे आले की तिसऱ्या-चौथ्या दिवशी मॉल आणि मत्स्यालय बघून होतं, आणि मग आमची गाडी दरवेळी सव्हानाच्या रस्त्याला लागते. अडीचशे मैल, साधारण चार तास. नाव ऐकून सिंह-जिराफांची अपेक्षा करू नका. जॉर्जिया राज्यातलं हे समुद्राजवळचं, नदीकाठचं जुनं शहर आहे आणि त्याची ख्याती भुतांबद्दल आहे. गाडीत प्रश्न ठरलेले असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते आहे.

एवढी भुतं एकाच शहरात कशी?

कारण इथली घरं जागेवर आहेत. भुताला घर लागतं. जेम्स ओगलथॉर्प १२ फेब्रुवारी १७३३ रोजी इथे उतरला आणि त्यानं आखून-रेखून शहर वसवलं. मध्ये चौक, चौकाभोवती घरं, पुन्हा पुढे चौक. असे एकूण २४ चौक झाले, त्यांतले २२ आज आहेत. यादवी युद्धात उत्तरेचा जनरल शर्मन अटलांटा जाळून समुद्राकडे निघाला, पण सव्हाना त्यानं जाळलं नाही. डिसेंबर १८६४ मध्ये लिंकनला तार करून शहर नाताळची भेट म्हणून देऊन टाकलं. पुढे विसाव्या शतकात लोकांनी स्वतःच जुनं पाडायला घेतलं. १९५४ मध्ये जुनी मंडई पाडून तिथे गाड्यांचा तळ केला. पुढच्याच वर्षी डेव्हनपोर्ट हाउस पाडायची वेळ आली तेव्हा सात बायकांनी पैसे जमवून ते वाचवलं आणि जतनाची चळवळ उभी राहिली.

मरणंही पुष्कळ झाली. १८२० चं साल बघा. जानेवारीत आग लागून ४६३ इमारती गेल्या आणि त्याच वर्षी पीतज्वरानं जवळजवळ ७०० माणसं नेली, म्हणजे शहरातलं दहातलं एक माणूस. १८५४ ला पुन्हा तीच साथ, १८७६ ला पुन्हा. डासांमुळे होतं हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. लोक दूषित हवेला दोष देत.

हे अमेरिकेतलं सर्वांत झपाटलेलं शहर आहे म्हणतात, ते कोणी ठरवलं?

अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ पॅरासायकॉलॉजी नावाच्या संस्थेनं २००२ मध्ये तसं जाहीर केलं. भुतांची खानेसुमारी कशी केली ते विचारू नका. टूरवाल्यांनी मात्र तो किताब तेव्हापासून खाली ठेवलेला नाही.

शहर मुडद्यांवर उभं आहे, हे खरं का?

टूरवर दहा मिनिटांत हे वाक्य कानावर पडतंच. काही अंशी खरं आहे. कलोनियल पार्क ही शहरातली जुनी दफनभूमी १७५० मध्ये सुरू झाली आणि १८५३ मध्ये बंद झाली. तिथे नऊ हजारांवर माणसं पुरली आहेत, आणि उभे दगड मोजाल तर हजारसुद्धा भरत नाहीत.

ज्यांना दगड मिळालेच नाहीत अशांची दफनभूमी आणखी दक्षिणेला होती, गुलाम म्हणून राबवलेल्या काळ्या माणसांची. शहर वाढत गेलं तसे तिच्यावर रस्ते आणि चौक आले. त्या भागातल्या एका चौकाला गुलामगिरीचा कट्टर समर्थक जॉन कॅलहून याचं नाव होतं. ते काढून २०२३ मध्ये सूझी किंग टेलर यांचं नाव दिलं. टेलर गुलामीत जन्मल्या, चोरून लिहायला-वाचायला शिकल्या आणि युद्धात परिचारिका व शिक्षिका म्हणून राबल्या. या चौकाच्या कडेला ॲबरकॉर्न स्ट्रीटवर एक घर आहे. टूरवाले तिथे थांबून खिडकीत बांधून ठेवलेल्या मुलीची आणि तिहेरी खुनाची कहाणी सांगतात. दोन्हींना पुरावा नाही. आणि ही कहाणी ऐकताना आपण ज्या जमिनीवर उभे असतो तिच्याबद्दल बहुतेक वेळा कुणी काही बोलत नाही.

कलोनियल पार्कमध्ये रात्री जाता येतं का?

नाही, रात्री कुलूप असतं. भुतांच्या टूर कठड्याबाहेरूनच उरकतात. दिवसा जा, फुकट आहे. मागच्या भिंतीशी मोडके थडग्याचे दगड ओळीनं बसवले आहेत ते बघा. शर्मनच्या शिपायांचा तळ इथेच होता. वेळ जाईना म्हणून त्यांनी दगडांवरची वयं आणि सालं कोरून बदलली असं सांगतात, त्यामुळे काही मंडळी अचाट म्हातारी होऊन मेलेली दिसतात आणि काहींचा जन्म बापाच्या आधीचा. कंटाळलेल्या शिपायांचं हे काम मला कुठल्याही भुतापेक्षा जास्त पटतं.

रेने नावाच्या सात फुटी राक्षसी माणसाची गोष्टही इथलीच. त्यानं मुली मारल्या आणि लोकांनी त्याला झाडाला लटकवलं म्हणतात. असा माणूस झाला याची नोंद नाही. नोंद आहे ती जनरल नथॅनिएल ग्रीनची, आणि ती जास्त मजेची आहे. स्वातंत्र्ययुद्धातला हा मोठा सेनापती १७८६ मध्ये वारला, इथल्या एका तळघरात ठेवला गेला, आणि मग कुठल्या तळघरात तेच लोक विसरले! १९०१ मध्ये शोधाशोध करून हाडं सापडली आणि पुढच्या वर्षी जॉन्सन स्क्वेअरमध्ये, त्याच्याच नावानं आधीपासून उभ्या असलेल्या स्मारकाखाली ठेवली. शंभरावर वर्षं हरवलेला सेनापती, आणि त्याचं भूत झाल्याचं कुणी सांगत नाही.

ॲलिस रायली कोण? गरोदर बायकांनी राइट स्क्वेअरमध्ये जाऊ नये म्हणतात ते का?

ही खरी बाई. आयर्लंडहून वेठीच्या करारावर आलेली मोलकरीण. जॉर्जियात सुरुवातीला गुलाम ठेवायला बंदी होती (१७५१ पर्यंत), त्यामुळे कष्टाची कामं अशा करारबद्ध गोऱ्या गरिबांकडून करून घेत. ॲलिसला आणि रिचर्ड व्हाइट नावाच्या दुसऱ्या नोकराला नदीपलीकडच्या हचिन्सन बेटावर विल्यम वाइजकडे ठेवलं होतं. वाइज आजारी, अंथरुणाला खिळलेला, आणि त्याच्याबद्दल चांगलं बोलणारं कुणी नाही. त्याचे केस धुवायचे, विंचरायचे हे यांचं रोजचं काम. १ मार्च १७३४ रोजी केस धुण्याच्या निमित्तानं दोघांनी त्याला मारलं. व्हाइटनं गळ्यातल्या रुमालानं गळा आवळला, ॲलिसनं डोकं बादलीत दाबलं. वसाहतीतला हा पहिला खून.

व्हाइटला फाशी झाली. ॲलिस पोटुशी निघाली म्हणून तिची फाशी लांबवली. डिसेंबरात मुलगा झाला. १९ जानेवारी १७३५ रोजी, बाळ जेमतेम महिन्याचं असताना, तिला आजच्या राइट स्क्वेअरमध्ये फाशी दिली. जॉर्जियात फाशी गेलेली ती पहिली स्त्री. बाळही पाठोपाठ गेलं.

म्हणून कहाणी अशी की ॲलिस अजून चौकात बाळ शोधत फिरते आणि तान्ही मुलं घेतलेल्या बायकांच्या मागे लागते. आपल्याकडच्या बाळंतपणात गेलेल्या हडळीशी तिचं नातं सासूबाईंनी एका मिनिटात जुळवलं आणि सुनेला (म्हणजे माझ्या जावेला, तेव्हा सहावा महिना होता) चौकाच्या बाहेरूनच चालवलं.

बाकी दंतकथा बाजूला ठेवली तरी मला या प्रकरणात खटकतं ते हे, की ॲलिसनं आपला गुन्हा शेवटपर्यंत नाकारला असं सांगतात आणि तिच्या बाजूनं कुणीच काही लिहून ठेवलं नाही.

तिथल्या झाडांवर स्पॅनिश मॉस वाढत नाही, कारण तिथे निरपराध रक्त सांडलं?

शहरभर ओकच्या फांद्यांवरून करड्या दाढ्यांसारखं लोंबतं ते स्पॅनिश मॉस. ते मॉस म्हणजे शेवाळ नव्हे, ते अननसाच्या कुळातलं आहे. झाडाचा रस पीत नाही, हवेतल्या ओलाव्यावर जगतं. ऊन, वारा, दमटपणा यांत थोडा फरक पडला की एका झाडावर झुंबरं लागतात आणि शेजारचं झाड मोकळं राहतं. शिवाय १७३३ मध्ये चौकांसाठी रान साफ केलं होतं आणि आजची झाडं फार नंतर लावलेली आहेत. ॲलिसला त्यांतल्या एकाचीही सावली मिळाली नसेल.

खाली पडलेलं मॉस उचलून गळ्यात घालून फोटो काढू नका. त्यात बारीक किडे असतात. चावले की चार दिवस खाज. हे भुतापेक्षा नक्की.

सॉरेल-वीड हाउसमध्ये नेमकं काय घडलं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगते.

टूरवर ऐकायला मिळते ती गोष्ट अशी. फ्रान्सिस सॉरेल हा धनाढ्य व्यापारी, मूळचा आजच्या हैतीतला. मॅडिसन स्क्वेअरच्या कोपऱ्यावर १८४० च्या सुमारास त्यानं हा वाडा बांधला. घरातल्या मॉली नावाच्या गुलाम मुलीशी त्याचा संबंध होता. बायको मटिल्डानं दोघांना पाहिलं आणि वरच्या मजल्यावरून फरसबंद अंगणात उडी घेतली. काही दिवसांनी मॉली मागच्या गाडीखान्यात गळफास लागलेली सापडली. तेव्हापासून वाड्यात मटिल्डा, गाडीखान्यात मॉली. रात्रीच्या टूरला तिकीट काढून हातात यंत्र देतात आणि मॉलीच्या खोलीत काटा हलतो का ते बघायला सांगतात.

आता कागद काय म्हणतात ते बघा. सॉरेलनं हा वाडा १८५९ मध्ये हेन्री वीडला विकला आणि कुटुंब शेजारच्या घरात राहायला गेलं. मटिल्डाचा मृत्यू मार्च १८६० चा. खिडकीतून पडून किंवा उडी घेऊन ती गेली हे त्या काळच्या पत्रातून कळतं, पण ते शेजारच्या घरात. म्हणजे जिथे तिचं भूत दाखवतात त्या वाड्यातून ती आधीच बाहेर पडली होती. आणि मॉली? इतिहासकार टाया माइल्स यांनी हीच टूर केली, मॉलीच्या गोष्टीनं त्यांना झोप लागेना म्हणून तिचा माग काढायला कागदपत्रं चाळली. मॉली नावाची मुलगी त्या घरात होती याचा पुरावा त्यांना मिळाला नाही.

घरात गुलाम होते, ते मात्र पक्कं. त्या काळच्या जनगणनेत गुलामांची नावं लिहीतच नसत. मालकाचं नाव, आणि खाली नुसतं वय, लिंग आणि रंग. त्यामुळे तिथे राबलेल्या खऱ्या बायकांपैकी कुणाला टूरवर जागा नाही, आणि जिची नोंद नाही त्या मॉलीचं मरण रोज रात्री तिकीट लावून सांगितलं जातं. वाडा सुंदर आहे, दिवसाची वास्तुकलेची टूरसुद्धा असते. मी पाहुण्यांना तीच घ्यायला सांगते. ऐकत कुणी नाही.

ग्रेसीच्या पुतळ्याच्या डोळ्यांतून रक्त येतं?

नाही येत. ग्रेसी वॉटसन ही पुलास्की हाउस या मोठ्या हॉटेलच्या व्यवस्थापकाची एकुलती एक मुलगी. पाहुण्यांची लाडकी. १८८९ मध्ये न्यूमोनियानं गेली, वय वर्षं सहा. बापानं मूर्तिकार जॉन वॉल्झला तिचा फोटो दिला आणि त्यानं त्यावरून पूर्ण उंचीची संगमरवरी ग्रेसी घडवली. बॉनाव्हेंचर दफनभूमीत ती झाडाच्या बुंध्याला टेकून बसली आहे. फ्रॉकची झालर, बुटाची बटणं, सगळं जिथल्या तिथे. आईवडील पुढे शहर सोडून गेले आणि त्यांची थडगी तिच्याशेजारी नाहीत. लोक खेळणी, नाणी ठेवतात, नाताळात जास्तच. ती कुणी उचलली तर ग्रेसी रक्ताचे अश्रू ढाळते अशी वदंता. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी हात लावून लावून नाक झिजवायला घेतलं, म्हणून आता भोवती लोखंडी कुंपण आहे.

बॉनाव्हेंचरमध्ये आणखी काय?

मूळ तिथे मळा आणि बंगला होता. मेजवानी ऐन रंगात असताना छपराला आग लागली. यजमानानं टेबलं बाहेर झाडांखाली हलवली आणि जळत्या घराच्या उजेडात जेवण पुरं केलं, शेवटी पेले झाडावर आपटून फोडले, अशी कथा. शांत रात्री हसण्याचे आणि काच फुटण्याचे आवाज येतात म्हणे. शांत रात्री दफनभूमी बंद असते, त्यामुळे ऐकलं कुणी हा प्रश्न उरतो. नदीकाठाला कवी कॉनराड एकन यांची कबर आहे. तिच्यावर दगडी बाक ठेवला आहे, बसून पेय घ्यावं म्हणून. आम्ही थर्मासमधला चहा घेतला.

भुताच्या हॉटेलात राहता येतं का?

येतं, पैसे जास्त पडतात. मार्शल हाउस १८५१ चं. शर्मनच्या सैन्यानं तिथे रुग्णालय केलं होतं आणि १९९० च्या दशकात दुरुस्ती करताना जमिनीखाली माणसांची हाडं निघाली. कापलेल्या हातापायांची असावीत. हॉटेल हे लपवत नाही, उलट सांगतं. बे स्ट्रीटवरची मून रिव्हर ब्रूइंगची इमारत म्हणजे १८२१ चं सिटी हॉटेल. १८३२ मध्ये तिथल्या बारमध्ये डॉ. फिलिप मिनिसनं जेम्स स्टार्कला गोळी घातली, खटल्यात निर्दोष सुटला. तिथे ग्लास आपोआप पडतात म्हणतात. बारमध्ये ग्लास पडणं हे मी पुरावा धरत नाही.

मांत्रिक बोलावल्याचं कधी झालं आहे का?

झालं आहे. १९६३ मध्ये जुन्या वस्तूंचे आणि घरांचे व्यापारी जिम विल्यम्स यांनी हॅम्प्टन लिलीब्रिज हाउस उचलून दुसऱ्या जागी नेलं. त्या कामात शेजारचं घर कोसळून एक मजूर गेला, मग मजुरांना पावलं ऐकू यायला लागली. शेवटी एपिस्कोपल चर्चचे बिशप येऊन विधी करून गेले. आवाज थांबले नाहीत म्हणतात. विल्यम्स पुढे खुनाच्या खटल्यामुळे जगभर गाजले. त्या खटल्यावरचं १९९४ चं पुस्तक इतकं खपलं की त्याच्या मुखपृष्ठावरचा पक्षीवाल्या मुलीचा पुतळा बॉनाव्हेंचरमधून उचलून संग्रहालयात ठेवावा लागला.

दारं-खिडक्या आणि व्हरांड्याची छतं निळी का?

हा माझा आवडता प्रश्न. तो रंग ‘हेंट ब्लू’. हेंट म्हणजे अतृप्त आत्मा. पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे वंशज, ज्यांना इथे गल्ला-गीची म्हणतात, त्यांची समजूत अशी की हेंटला पाणी ओलांडता येत नाही. मग दाराची चौकट आणि छत पाण्याच्या रंगाचं केलं की बसतं फसून. चुना, दूध आणि रंगद्रव्य कालवून हा रंग करत, आणि याच किनाऱ्यावर निळीच्या मळ्यांत त्यांचे हात कोपरापर्यंत निळे झाले होते. ओवेन्स-थॉमस हाउसच्या (१८१९) मागे गुलामांची वस्ती आहे, तिथल्या छतावर तो जुना निळा अजून दिसतो. मान वर करून बघा, खोली लहान आहे. आपल्या लिंबू-मिरचीचा हा भाऊ. फरक इतकाच की आता मोठमोठ्या बंगल्यांचे मालक रंगाच्या दुकानातून डबा आणून लावतात, आणि विचारलं तर गांधीलमाश्या येत नाहीत म्हणतात.

मुलांना न्यावं का? कुठली टूर घ्यावी?

आठ-नऊच्या वरची मुलं मजेत येतात. शववाहिनीचं छप्पर कापून केलेल्या गाडीची टूर मुलांना आवडते, पण चालत जाणारी टूर चांगली. ऐतिहासिक भागात प्लास्टिकच्या पेल्यातून मद्य घेऊन रस्त्यानं हिंडायला परवानगी आहे (१६ औंसांपर्यंत), त्यामुळे रात्री उशिराच्या टूरवर भुतांपेक्षा माणसंच जास्त किंचाळतात. संध्याकाळची घ्या. डासांचं मलम घ्या. रिव्हर स्ट्रीटला उंच टाचा नकोत. तिथली फरशी जहाजांच्या तळात वजनासाठी आणलेल्या ओबडधोबड दगडांची आहे.

टूर जात नाही अशी एखादी जागा?

आहे. शहराच्या पश्चिमेला, दोन-अडीच मैलांवर. तिथे टेन ब्रोक नावाचं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान होतं. २ आणि ३ मार्च १८५९ रोजी पिअर्स बटलर या गुलामांच्या मालकानं कर्ज फेडण्यासाठी तिथे ४३६ माणसं विकायला काढली. लिलावाआधी त्यांना घोड्यांच्या ठाणांत ठेवलं. न्यूयॉर्कचा एक वार्ताहर, मॉर्टिमर थॉमसन, गिऱ्हाईक बनून आत शिरला आणि त्यानं सगळं छापलं, म्हणून तपशील कळतात. तीन लाख डॉलरच्या वर रक्कम जमली. दोन्ही दिवस मुसळधार पाऊस होता. त्या माणसांच्या वंशजांत त्या दिवसांना ‘रडण्याची वेळ’ हे नाव पडलं.

२००८ मध्ये तिथे खुणेचा फलक लागला. आसपास साधी वस्ती आहे, जुनी हवेली नाही, गाडीखाना नाही. तिथली भुताची गोष्ट मला कुणी सांगितलेली नाही. आम्ही गेलो तेव्हा बाबा गाडीतून उतरून फलकापाशी बराच वेळ उभे होते. नंतर जेवताना एवढंच म्हणाले, “चारशे छत्तीस म्हणजे आपलं अख्खं गाव.”

तुम्हाला स्वतःला काही दिसलं का?

सहा खेपा झाल्या, काही नाही. पण सासूबाईंचा अनुभव सांगते. राइट स्क्वेअरमध्ये टोमोचिची पुरलेला आहे. तो यामाक्रॉ लोकांचा प्रमुख, ओगलथॉर्पला इथे राहू देणारा. १७३९ मध्ये वारला तेव्हा खुद्द ओगलथॉर्पनं खांदा दिला. पुढे १८८३ मध्ये शहरानं त्याच जागी एका रेल्वेच्या अध्यक्षाचं स्मारक चढवलं. त्या अध्यक्षाच्याच सुनेला ते टोचलं, आणि तिच्या पुढाकारानं १८९९ मध्ये चौकाच्या कोपऱ्यात टोमोचिचीच्या नावानं मोठी ग्रॅनाइटची शिळा बसवली. इथल्या पोरांचा खेळ असा, की शिळेभोवती तीन फेऱ्या मारायच्या, कान लावायचा आणि विचारायचं, “टोमोचिची, काय करतोयस?” तो म्हणतो, “काही नाही.”

सासूबाईंनी चपला काढल्या, नीट तीन प्रदक्षिणा घातल्या, कान लावला आणि मराठीत विचारलं. बराच वेळ थांबल्या. मग चपला घालता घालता म्हणाल्या, “खरंच, काही नाही म्हणाला.”